पहिल्या पायरीवरचा पाय

मी एक जुनी लाकडी शिडी आहे, मित्रांनो, आणि सध्या माझ्यावर टॉवेल वाळतात. दोन टॉवेल, एक चादर, कधीमधी पायमोजे. तक्रार म्हणून सांगत नाही. लाकडाला काय वाटायचंय?

दारांच्या चौकटींतून उरलेल्या लाकडातून एका सुताराने मला बनवलं. घाईत बनवलं, म्हणून माझा एक पाय नखभर आखूड राहिला. "खाली कोणीतरी धरून उभं राहिलं की झालं," असं म्हणून त्याने मला एका रंगाऱ्याच्या गळ्यात मारलं. रंगाऱ्याकडे तेव्हा चार-पाच कामगार होते आणि घरं रंगवायचा छोटासा ठेका. माझ्या अंगावरचे ठिपके तेव्हापासूनचे आहेत. पिवळा एका शाळेचा, फिकट निळा एका बाळंतिणीच्या खोलीचा. लोक नव्या भिंतीचं कौतुक करायचे, मी कोपऱ्यात उभी राहून ते स्वतःकडे घ्यायचे.

मग मंदी आली. भिंतीला पोपडे आले की लोक रंगाऱ्याला बोलावण्याऐवजी पुढ्यात कपाट सरकवायला लागले. कामगार एकेक करून दुसरीकडे गेले. एका सकाळी रंगाऱ्याची बायको बाह्या सारून त्याच्याबरोबर निघाली. त्याने बोलावलं नव्हतं. कामगार तिला वहिनी म्हणायचे, म्हणून मीही वहिनीच म्हणते.

वहिनी माझ्या पहिल्या पायरीवर उजवा पाय रोवून उभी राहायची. वर चढलेल्या माणसाच्या नाकासमोरच भिंत असते, त्याला सुटलेली जागा दिसत नाही. म्हणून तो वरून सारखा विचारायचा, "कसं दिसतंय?"

"डावीकडे टक्कल पडलंय."

"कुठे?"

"तुमच्या डोक्याचं नाही म्हणत. भिंतीला."

दोघं हसायची. कामं मोजकी होती, कधी कधी दोघांत एकच डबा असायचा. पण मी तेवढी खूश पुन्हा कधी झाले नाही.

पुढे दिवस पालटले. एका गोदामाच्या फरशीवर पट्टे मारायचं काम मिळालं, गाडी कुठून जायची आणि माल कुठे ठेवायचा ते दाखवणारे. मग वाहनतळ मिळाले, मग शेजारच्या शहरातले कारखाने. पट्टे मारायचं चाकांचं यंत्र आलं, कामगार परत आले, आणि लोक रंगाऱ्याला ठेकेदार म्हणू लागले. सगळं काम जमिनीवरचं. तिथे शिडी नेऊन काय करणार?

तेव्हाही वहिनी रोजच्यासारखी चप्पल घालून दारात उभी राहिली होती. तो म्हणाला, "आता तू कशाला? शिडी धरून धरून पाय दुखले तुझे. घरी आराम कर." मनापासून म्हणाला, मी साक्षीला आहे. वहिनी "बरं" म्हणाली आणि तिने चप्पल काढून ठेवली.

त्याला दोन वर्षं झाली. तो येतो, जेवतो, फोनवर बोलतो, झोपतो. भांडण म्हणाल तर तेही होत नाही. घर सुन्न पडलंय आणि मीही तशीच झाले आहे. टॉवेल ओला आहे की कोरडा, तेसुद्धा मला कळेनासं झालंय.

परवा जेवताना त्याने सांगितलं, शेजारच्या शहरात ऑफिस उघडतोय, तिथेच खोली घेतली आहे, महिन्यातून एकदा घरी येईन. वहिनी "बरं" म्हणाली आणि त्याच्या शर्टांच्या घड्या घालायला लागली. मला वाटलं, संपलं आता.

काल संध्याकाळी बॅग भरून होत आली होती, तेवढ्यात दारावरचा दिवा गेला. त्याने माझ्यावरचे टॉवेल काढले, मला भिंतीला टेकवलं आणि तो चढला. तिसऱ्या पायरीवर मी डुगडुगले. त्याने सवयीने खाली पाहिलं. पहिल्या पायरीवर पाय नव्हता. वहिनी बॅगेची चेन लावत होती.

"चढवत नाहीये गं," तो म्हणाला.

"मग यंत्र मागवा."

तो ना वर गेला, ना खाली आला. नवा दिवा हातात धरून तसाच उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "कसं दिसतंय?"

वहिनीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"दोन वर्षांत आज विचारताय," ती म्हणाली. "मला वाटलं, आता माझी गरजच उरली नाही."

त्याने मोकळ्या हाताने माझा दांडा घट्ट धरला. "पट्टे वाकडे जातात माझे," तो म्हणाला. "लांबून बघून सांगणारं कोणी नाही तिथे. चल माझ्याबरोबर. आराम करायला नको येऊस."

वहिनी उठून आली आणि तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. "आधी दिवा लावा," म्हणाली.

दिवा लागला तरी तो उतरला नाही आणि तिनेही पाय काढला नाही.

ती जाणार की नाही, मला ठाऊक नाही. बॅग अजून दारातच आहे. मित्रांनो, मला तेलपाणी करा, रंग द्या, असलं काही मी मागत नाही. तुमच्यासाठी खाली कोणी पाय रोवून उभं असेल, तर वरून त्याला अधूनमधून विचारत जा. काल किती दिवसांनी माझ्या पायरीवर वजन पडलं, आणि ते मला जाणवलं.