झाकलेला रकाना

फॉर्म बनवणाऱ्या माणसांनी समुद्र पाहिलेला नसतो, असं नाही. पाहिलेला असतो, पण रविवारी, हातात भज्यांची प्लेट धरून. त्यामुळे समुद्रात लाटा असतात एवढं त्यांना ठाऊक असतं. समुद्रात जागा असतात, हे नसतं.

आमच्या थळच्या बाजूला असतात. डोल, म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं, लावायची तर आधी तळात खुंट ठोकावा लागतो, मग जाळं त्याला बांधायचं. कुणाचा खुंट कुठे, ते आज्या-पणज्यांच्या काळापासून ठरलेलं. सातबारा नाही, कुंपण नाही. पण दुसऱ्याच्या खुंटाला जाळं बांधून बघा, संध्याकाळच्या आत तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार बंदरावर ऐकू येईल.

कोकिळाकाकूकडे असा एक खुंट होता. होडी नव्हती. बाळाजीकाका गेले तेव्हा होडी विकली, पण जागा कोण विकतं? त्या खुंटाला रावजीभावजी जाळं लावायचे. ते काकांचे चुलतभाऊ. आलेल्या मासळीतला जागेचा वाटा काकूच्या दारात यायचा. कागद नव्हता, पण भांडणही नव्हतं. या दोन गोष्टी बहुतेक एकत्रच नांदतात.

मग जेटी आली. म्हणजे अजून यायची आहे, आधी तिचा फॉर्म आला. बोटींसाठी तळ खोदणार. ज्यांचे खुंट नोंदलेले असतील त्यांना बदली जागा, बाकीचे उपटून टाकणार. नोंद फक्त ऑनलाइन. गावात ऑनलाइन म्हणजे माझं झेरॉक्सचं दुकान.

काकू डोक्यावरची पाटी उतरवून स्टुलावर बसली. फॉर्मने पहिलाच प्रश्न विचारला: तुम्ही नौकामालक की खुंटधारक? एकच निवडा.

“होडीवाल्याला खुंट नसतो काय गो?” काकूने विचारलं.

“असतो. नौकामालकाला तो पुढे विचारलाय.”

“मग ‘एकच’ कशाला बोलतंय?”

“काकू, तू खुंटधारक. पुढे चल.”

मी खुंटधारक निवडलं. नौकेचा रकाना अदबीने गुप्त झाला. खुंटाची माहिती भरली, ‘सादर करा’ दाबलं. लाल अक्षरं आली: कृपया रिकामा रकाना भरा.

रिकामा रकाना कुठेच नव्हता. मी वर गेले, खाली गेले, चष्मा पुसून पुन्हा वर गेले. काकूही पडद्याच्या मागे वाकून बघून आली.

फॉर्मखाली मदतीचा नंबर होता. पलीकडे जीवन नावाचा मुलगा, फॉर्म बनवणाऱ्या कंपनीतला. आवाज गोड, पगार अर्थात तिथलाच.

“मॅडम, पर्याय बरोबर चालतोय. मागे एक्सएमएल आहे, म्हणजे फॉर्मचा आतला सांगाडा, त्यात दोन्ही शाखा असतात. तुम्ही एक निवडली की दुसरी लपते.”

“लपलेला रकाना भरायला सांगतंय ते.”

“हां. लपतो, पण सक्तीचा राहतो. ती अट काढायची राहिली असेल.”

“मग काढ.”

“तिकीट टाकतो, मॅडम.”

तिकीट टाकलं म्हणजे काय, हे काकूला कळेना. मी म्हटलं, नवस बोलण्यासारखं असतं ते. पावेल तेव्हा पावेल.

तोवर रावजीभावजी पॅनकार्डची झेरॉक्स काढायला आले. त्यांचा स्वतःचा फॉर्म केव्हाच गेला होता. सगळं ऐकून म्हणाले, “एवढंच ना? आधी नौकावाला निवड, माझ्या होडीचा नंबर टाक, मग परत खुंटवाला कर. त्याला काय, रकाना भरल्याशी कारण.”

आमच्याकडे नंबर असाच देतात, शेजारणीने मूठभर मीठ द्यावं तसा. काकू म्हणाली, “देव भलं करो भावजी तुझं.” मीही हुशारीने ‘सादर करा’ दाबलं. गेला. पावती आली.

पावतीवर छापलं होतं: खुंटधारक, रावजी.

मी पुन्हा जीवनला लावला. तो म्हणाला, “लपलेली शाखाही सोबत आली ना. सिस्टिमला नौका दिसली, की ती नाव मालकाचं उचलते.”

कालवणावर ताट झाकलं म्हणून आतलं कालवण जात नाही, हे आमच्याकडे पोरीबाळींनाही कळतं. मला शिकलेलीला ते फोनवर ऐकावं लागलं.

“मग आता दुरुस्त कर.”

“करता येईल. पण अर्जदार रावजी आहेत. त्यांनीच रद्द करायला हवं. आणि एका नौकेचे दोन खुंट झालेत, त्यातला एकच रद्द करायची सोय नाही. सगळा अर्ज रद्द, मग दोघांनी नव्याने भरायचं. मुदत उद्यापर्यंत आहे.”

मी भावजींकडे पाहिलं. पावती त्यांच्या हातात होती. माणूस वाईट नव्हे. पण सरकारी कागदावर दोन-दोन खुंट आपल्या नावाने छापून आलेले त्यांनी त्याआधी फार तर स्वप्नात पाहिले असतील. त्यांनी नावावरून अंगठा फिरवला.

“राहूंदे ना वैनी,” शेवटी म्हणाले. “जाळं माझंच असतं तिथं. वाटा देतोयच की तुला. माझं धड गेलेलं कशाला रद्द करू? उद्या परत नाय गेलं तर?”

“आज तू देतोस तो माझा वाटा हाय,” काकू म्हणाली. “उद्यापासनं ती भीक व्हईल.”

“भीक काय बोलतेस!”

“मग काय बोलू? तूच सांग, तू मालक.”

भावजी पावतीची चौघडी खिशात घालून निघून गेले. काकूने पाटी उचलली. रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, “केसरला सांगते.”

केसरकाकी म्हणजे भावजींची बायको. आता फॉर्मवाल्यांना माहीत नसलेली दुसरी गोष्ट. आमच्याकडे पुरुषाचं राज्य वाळूपर्यंत. होडी वाळूला लागली की मासळी बाईची. ती वाटे लावणार, ती भाव सांगणार, ती पैसे कमरेला खोचणार. पुरुषाने फार तर बर्फ आणावा.

दुसऱ्या सकाळी होडी लागली. बोंबील रग्गड होता. केसरकाकी पाटी पालथी घालून तिच्यावर बसली होती.

“ऊठ की गो,” भावजी म्हणाले.

“माज्या नावावर काय हाय? ज्याच्या नावावर खुंट, त्यानं विकावा.”

भावजींनी शेजारच्या मासळीवाल्यांपैकी रतनला हाक मारली, येसूबाईला मारली. दोघी समुद्राकडे अशा बघत होत्या, जणू आयुष्यात पहिल्यांदाच भेट झाली.

मग भावजी स्वतः विकायला बसले. वाटे असे लावले, की एकात बोंबलांची जत्रा आणि दुसऱ्यात सुतक. हरिहरेश्वरला निघालेली एक मोटार थांबली. आतल्या बाईंनी भाव विचारला. भावजींनी आकाशाकडे बघून काहीतरी सांगितलं. बाई म्हणाल्या, “काकी नाहीत का कुणी? आल्या की येतो.” मोटार गेली. ऊन चढलं. बोंबील तसाही पाण्याचाच. त्याला वितळायला निमित्त पुरतं.

“केसर, माशा बसायला लागल्या.”

“त्यांना विचार, नौकामालक की खुंटधारक.”

सगळा किनारा हसला. भावजी उठले ते थेट माझ्या दुकानात आले. हाताला चिकटा, कपाळाला घाम. मागोमाग कोकिळाकाकू. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती.

मी जीवनला लावला. नवस पावला होता. सक्तीची अट सकाळीच काढली म्हणाला. लपलेलं आता लपलेलंच राहील, सोबत जाणार नाही. “नक्की?” “नक्की, मॅडम. टेस्ट केलंय.” टेस्ट या शब्दावर माझा विश्वास चटणीपुरताच आहे, पण दुसरा इलाज नव्हता.

भावजींचा अर्ज उघडला. पडद्यावर आलं: तुमचा संपूर्ण अर्ज रद्द होईल. हो की नाही?

“तिसरं काय न्हाय?” भावजींनी विचारलं.

“न्हाय.”

त्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः ‘हो’ दाबलं. आता कागदावर दोघांचाही खुंट नव्हता. पंखा कुरकुरत होता. भावजी उभेच राहिले.

“आधी माझा भर,” काकू मला म्हणाली. भावजींकडे तिने पाहिलंही नाही.

खुंटधारक. नौकेचा रकाना गेला. माहिती भरली. ‘सादर करा’. ते गोल चक्र इतकं फिरलं की मला वाटलं, भोवरा पाहतेय. मग पावती आली. काकूने ती बोट ठेवून, अक्षर लावून वाचली. कोकिळा बाळाजी. पुढे नौका: लागू नाही.

“लागू न्हाय म्हंजे?”

“म्हणजे त्याबद्दल तुला कुणी विचारायचं नाही.”

तिने पावती दोनदा वाचली, चोळीत ठेवली. मग स्टुलावरून उठली, पदराने स्टूल पुसलं आणि भावजींकडे सरकवलं.

“बस. फॉर्म बंद व्हायच्या आत तुझा घाल. आणि नंबर नीट सांग तिला.”