मुका बाण

माळशिरसच्या पलीकडच्या उघड्या माळावर पूर्वी दसऱ्याला देवापुढून एक बाण सोडत. मोटार नुकती नातेपुत्यापर्यंत येऊ लागली होती, त्या सुमाराची ही गोष्ट. मी ती ऐकलेली आहे, त्यामुळे सांगताना काही निसटलंही असेल.

बाण सुटला की सगळ्यांनी डोळे मिटून पिसांचा आवाज ऐकायचा आणि तो थांबला की डोळे उघडायचे, अशी रीत होती. सोडणाऱ्याने पुढे जाऊन बाण काढायचा आणि तिथेच त्या हिवाळ्यातली पहिली वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, लावायची. हा मान सिद्धाप्पाचा होता. पिसं मात्र आपोआप गळालेलीच चालत. ती त्याची बायको मायाक्का वर्षभर वेचून आणी.

आदल्या दुपारी सिद्धाप्पा पिसांची टोपली घेऊन खोपटापुढे बसला. एका बाणाला तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची लागतात. डाव्यात उजवं मिसळलं की बाण डगमगतो. म्हणून तो एकेक पीस ओठांवरून ओढून त्याचा बाक जोखत होता. एका पिसापाशी तो थांबला आणि ते गालावरून फिरवत राहिला.

"लई मऊ. घारीचं हाय न्हवं?"

मायाक्काला हसू येणार होतं. चिंचेखाली सापडलेल्या घुबडाच्या पिसांतलं होतं ते. पट्टे आवडले म्हणून तिने ठेवलेली. एखाद्या पोरानेही दुरून ओळखली असती. मग तिच्या लक्षात आलं, की तो तिच्याकडे नव्हे, तिच्या जरा बाजूला पाहतो आहे.

"अवं, तुमाला..."

"काय?"

"काय न्हाय. मऊ हाय खरं."

आंधळ्याच्या हाती देवाचा बाण कोण देणार?  त्याने तसलीच तीन पिसं निवडली, त्यांचे कणे उभे चिरले, बाभळीचा डिंक लावला आणि दोऱ्याचे वेढे दिले. त्याचे हात इतके सावकाश चालत होते, की तिला वाटलं, हे सगळं पाण्याखाली चाललंय.

दसऱ्याला ऊन कललं. माळावर सगळ्यांनी डोळे मिटले. मायाक्काने मिटले नाहीत. दोरी वाजली आणि पुढे काहीच ऐकू आलं नाही. आवाज सुरूच झाला नव्हता, मग थांबणार कसा? सगळे तसेच उभे राहिले. गवतातून वारा गेला. लांब कुठे एका मेंढीच्या गळ्यातली घंटा वाजली.

"सिद्धाप्पा, सोडलास का नुसतीच दोरी ओढलीस?" म्हाताऱ्या केराबाईने मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"सोडलाय की!" तो म्हणाला, पण पाय उचलेना. त्यालाही आवाजाचाच आधार होता.

मायाक्काने बाण ओढ्यापल्याड उतरताना पाहिला होता. ती निघाली. दगडांवर तिची जोडवी वाजत गेली आणि सिद्धाप्पा त्या आवाजामागून चालू लागला. पावलं ऐकून एकेकाने डोळे उघडले आणि सगळे मागोमाग गेले. ओढ्यापलीकडे सिद्धाप्पा गुडघ्यावर बसून गवत चाचपू लागला. बाण वीतभर बाजूला होता.

गावातला वडीलधारा रेवणप्पा हळूच म्हणाला, "डोळं कवापास्नं गेलं रं?"

"पावसाळ्याच्या आदीपास्नं."

"आन् ही पिसं घुबडाची. ती वाजत्यात व्हय?"

सिद्धाप्पाने मायाक्काच्या दिशेला मान वळवली. "तुला म्हाईत व्हतं?"

"व्हय."

"मग बोलली न्हाईस?"

"तुमी तरी कुटं बोललात?"

केराबाई खुदकन हसली. सिद्धाप्पाने धनुष्य रेवणप्पापुढे धरलं. "घ्या. लई दिस जड झालं व्हतं."

रेवणप्पाने ते घेतलं. "सोडाया दुसरा बगू. बाण बांदाया मातर तूच."

"पिसं निवडाया ही," सिद्धाप्पा म्हणाला.

"तिला इचार की."

"आता नीट बगूनच देईन," मायाक्का म्हणाली.

तिथेच वाघूर लागली. मेंढरं एकमेकांना रेटत आत शिरली, मग निवली. सिद्धाप्पा त्यांच्या उबेला टेकून बसला.

"कसा गेला गं त्यो?"

"ढगाची सावली जाती न्हवं, तसा."

"आनी?"

मायाक्का शेजारी बसली आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.