बाहेरचा आवाज

धर्मापुरीत वीरेशचं किराणा दुकान होतं आणि दुकानाच्या मागेच घर. घरातून बाहेर पडायला मधलं दार तेवढंच, आणि त्याला कडी दुकानाच्या बाजूनं असायची. तीन वर्षांपूर्वी वीरेशची थोरली बहीण शिवगंगा आवाजांनी सांगितलं म्हणून भर उन्हात अनवाणी गंगाखेडच्या रस्त्यानं निघाली होती. ट्रकवाल्यानं वेळेवर ब्रेक दाबला म्हणून वाचली. तेव्हापासून ही कडी.

आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून समजावलं होतं. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, हात थरथरायचा, पण आवाज मागं सरकले होते. डोक्यातला एक पुरुष तेवढा अधूनमधून बोलायचा, "बघा, खायला बसली." शिवगंगा गुणगुणत भाकरी थापत राहायची, तो कंटाळून गप्प व्हायचा. घरच्यांना मात्र हे दिसत नव्हतं. ती हसली की भावजय कावेरी वळून बघायची. चिडली की वीरेश विचारायचा, "गोळी घेतली का?" चिडायचीही सोय उरली नव्हती.

त्या दिवशी कावेरी परळीला माहेरी गेली होती. शिवगंगा मागच्या अंगणात भांडी घासत होती, तेव्हा बारीक आवाज आला, "पानी दे गं." तिनं दुर्लक्ष केलं. पुन्हा आला. तिनं ओल्या हातांनीच कान दाबले. कान झाकूनही ऐकू आलं तर तो बहुधा आतला आवाज, असं डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं. आवाज थांबला. हात काढले, परत आला. भिंतीपलीकडून. तिथं सावित्रीबाई राहायच्या. मुलगा-सून ऊसतोडीला गेल्यानं सध्या एकट्याच.

तिनं मधलं दार वाजवलं. "वीरेश, सावित्रीकाकू पडल्यात वाटतं. पानी मागायल्यात."

गिऱ्हाइकांपुढं त्यानं आवाज खाली घेतला. "अक्का, गोळी घेतली का?"

"घेतली. कान झाकून बघितलं. बाहेरचा हाय."

"बस जरा. गर्दी हाय, येतो."

तो आला नाही. शिवगंगानं भिंतीला तोंड लावून हाक मारली, "काकू?" उत्तर आलं नाही. "येडी, भिंतीशी बोलायली," डोक्यातला तो पुरुष हसला. वीरेशचंच खरं असेल, असं वाटून ती पुन्हा भांड्यांपाशी बसली. तेवढ्यात पलीकडं काहीतरी फरशीवर आपटून घरंगळलं.

मग ती थांबली नाही. जिना चढून गच्चीवर गेली, दोन घरांमधला कठडा ओलांडला आणि पलीकडच्या जिन्यानं खाली उतरली. सावित्रीबाई मोरीत पडल्या होत्या, पाय वाकडा झालेला. शिवगंगानं त्यांना घोटघोट पाणी पाजलं, पुढचं दार उघडलं आणि रस्त्यावरून आपल्याच दुकानासमोर जाऊन उभी राहिली. गिऱ्हाइकं बाजूला झाली. वीरेशनं आधी तिच्याकडं नाही, मधल्या दाराकडं बघितलं. कडी जागेवर होती.

"काकू मोरीत पडल्यात. गाडी बोलव," ती म्हणाली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. अंबाजोगाईला ऑपरेशन झालं, सावित्रीबाई वाचल्या. आमच्या अक्कानं वाचवलं, असं वीरेश येईल त्याला अभिमानानं सांगत होता.

तो एकटा सापडताच शिवगंगा म्हणाली, "मग आता मधली कडी काढ."

"कठड्यावरनं पडली असतीस तर?"

"पडले न्हाई."

"मला भ्या वाटतं गं, अक्का." त्याचे डोळे भरून आले होते. ट्रकसमोरून तिला उचलून घरी आणणारा तोच होता. तिला त्याच्यावर धड रागावताही येईना.

दुसऱ्या दिवशी आसाराम सुतार गच्चीच्या दाराला कुलूप बसवायला आला. शिवगंगानं त्याला चहा दिला. हात थरथरल्यानं थोडा बशीत सांडला.

"त्या दिवशी सावित्रीबाईला तुमीच काढलं ना, ताई?"

"व्हय. किल्ली कुणाकडं राहणार?"

"भाऊंकडं देयाला सांगितलीय," तो खाली बघत म्हणाला आणि भोक पाडू लागला.

त्या दुपारी गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला शिवगंगाला वीरेशची वाट बघावी लागली.