एक सूर खाली

मित्रांनो, गिटार म्हटलं की तुम्हाला किणकिण आठवते. मी तिची जाडजूड थोरली बहीण, बास गिटार. अंगावर चारच तारा, वय चोवीस वर्षं, आणि आवाज असा की कानाआधी पोटाला कळावा. गाण्यात माझ्याकडे कोणी बघत नाही. मी थांबले की मात्र सगळे इकडेतिकडे बघू लागतात.

माझी मालकीण शिवणकाम करते. तिचे बाबा प्रार्थनागृहात देवाच्या गोष्टी गाऊन सांगतात. बोलता बोलता ते सुरात शिरले की मी खालून आधार द्यायचा, हा आमचा वर्षानुवर्षांचा नेम. लोक हसतात, डोळे पुसतात, आणि माझं लाकूड आतून थरारतं. याहून मोठं भाग्य कोणतं?

पण वयाबरोबर बाबांचा आवाज उतरला. त्यांच्या आवडत्या पदाचा शेवट माझ्या सर्वांत जाड तारेच्याही खाली जाऊ लागला. तिथे मला उडी मारून वरचा सूर धरावा लागे. पायाखालची पायरी निसटावी तसे बाबा अडखळत. "आता गाणं पुरे, नुसतं बोलेन," एकदा ते म्हणाले. मालकिणीचा चेहराच उतरला.

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानातून पाच तारांची गिटार आठवडाभर वापरून बघायला आणली. पसंत पडली तर बदल्यात मी दुकानात जाणार! पाहुणी देखणी होती. तिची जादाची तार तर माझ्या जाड तारेहूनही जाड.

तालमीत गंमत झाली. मालकिणीचा हात इतकी वर्षं कडेची तार चाचपून जागा ओळखायचा. इथे कडेला ही नवीनच तार! तिनं डोळे मिटून अख्खं पद चुकून एक तार खाली वाजवलं.

"अगं, मी स्वर्गाच्या गोष्टी सांगतोय, तू कुठल्या तळघरात चाललीस?" बाबांनी विचारलं.

"हात ऐकतच नाही हो, बाबा!" ती हसता हसता रडकुंडीला आली.

आठवडा संपला. ती आम्हा दोघींना घेऊन दुकानात गेली. माझ्या तारांना कापरं भरलं.

"ताई, बाबा किती खाली जातात?" दुकानदारानं विचारलं.

"एकच सूर."

"मग एवढी उस्तवार कशाला? हिचीच जाड तार तेवढी सैल करून उतरवा की."

"छे! ठरल्या सुराखाली तार उतरवायची नाही, असं शिकवणाऱ्या बाईंनी बजावलंय."

"कधी?"

"पहिल्या दिवशी."

"अहो, पहिल्या दिवशी सगळ्यांनाच बजावतात!"

त्यानं खुंटी फिरवली. मी असा खोल हुंकार दिला की कपाटाची काच थरथरली. त्या तारेवर आता प्रत्येक सूर मानेवरच्या दोन आडव्या पट्ट्या, म्हणजे दोन पडदे, पुढे सरकला होता. मालकिणीनं पिशवीतून कापडावर आखायचा खडू काढला आणि माझ्या मानेवर खुणा केल्या! पाहुणीही काही वाईट नव्हती हं. दुकानात आलेल्या, बँडमध्ये वाजवणाऱ्या एका मुलीची गाणी फारच खाली जायची. तिला ती मनापासून आवडली.

पुढच्या प्रार्थनेला बाबा पदाच्या शेवटाशी आले, जरा बिचकले, आणि खाली उतरले. मी तिथे होते. ते त्या सुरावर इतके निवांत टेकले की लोक श्वास घ्यायचं विसरले. मग डोळे उघडून लेकीला म्हणाले, "अजून एक घेऊ?"

मित्रांनो, वाजवून झालं की आमच्या तारांवरचा घाम पुसत जा. आम्हाला उन्हात टेकवून ठेवू नका. आणि कोणी कमी पडतंय असं वाटलं, तर त्याला बदलण्याआधी एकदा जवळ बसून नीट ऐका.