वेशीचं नाणं

बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, लाकडी ट्रेमधला एक खण रिकामा होता आणि ट्रेशेजारी ठमी बसली होती. तोंडातून लाळ गळत होती. घास पुढे केला तर तिने मान फिरवली. दीड वर्षाची माझी लेक, पण घासाला नाही म्हणणं तिच्या स्वभावातच नाही.

"बाबा, या खणात काय होतं?"

ते चष्मा सावरत आले. "वेशीचं नाणं."

बाबा जुनी रोमन नाणी जमवतात. खुद्द रोमची नव्हेत, ती काय सगळेच जमवतात म्हणे. साम्राज्याच्या दूरदूरच्या प्रांतांतल्या शहरांनी आपापली पाडलेली, तांब्याची. एका बाजूला सम्राटाचं डोकं, दुसऱ्या बाजूला शहराचं स्वतःचं काहीतरी: नदी, देऊळ, वेशीचा दरवाजा. लग्न होऊन आले तेव्हा मला कौतुक होतं. ठमी रांगायला लागल्यापासून मात्र तो ट्रे मला डोळ्यासमोर नको झाला. "वर ठेवा" सांगून माझं तोंड दुखलं. "वर मला दिसत नाहीत गं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

नवरा परगावी होता. ठमीला घेऊन आम्ही दोघंच हॉस्पिटलात धावलो.

"नाणं गिळलंय," मी तरुण डॉक्टरांना सांगितलं. एक्स-रे काढला. गळ्याच्या जरा खाली एक पांढरी चकती.

"हो, नाणंच आहे. श्वास मोकळा आहे, घाबरू नका. बऱ्याचदा आपोआप खाली सरकतं. थोडी वाट पाहू." ते पुढच्या पेशंटकडे वळले.

बाबांनी खिशातून भिंग काढलं आणि पडद्याला नाक लावलं.

"हे माझं नाही."

माझा तोल गेला. "तुमचं-माझं काय करताय, बाबा! पोरीच्या नरड्यात अडकलंय ते!"

"अगं, ऐक तर. माझी नाणी हातोडीने ठोकून पाडलेली. एकही धड गोल नाही. हे बघ, कंपासने काढल्यासारखं. आणि कड दुहेरी. आत आणखी एक वर्तुळ. अशी कड मी कुठल्याच नाण्याला पाहिली नाही."

मी पाहिली होती, पण नाण्याला नव्हे. बाबा नवं नाणं आलं की सेलवर चालणाऱ्या छोट्या काट्यावर त्याचं वजन करतात. त्या काट्याचं मागचं झाकण तुटलंय, चिकटपट्टीवर निभतं. आज सकाळीच तसली पट्टी ठमीच्या फ्रॉकवरून सोलून मी केरात टाकली होती.

"काट्यातला चपटा सेल," मी म्हणाले.

बाबांचा हात भिंगासकट खाली आला.

मी डॉक्टरांना अक्षरशः बाहीला धरून ओढत आणलं. त्यांनी पुन्हा पाहिलं आणि त्यांचा चेहराच पालटला. "सेल आतून जाळतो," एवढंच बोलून ते फोनकडे पळाले. आम्ही नाणं म्हणालो, म्हणून त्यांनाही नाणंच दिसलं होतं.

ऑपरेशन थिएटरमधून मोठ्या डॉक्टरीणबाई वाटी घेऊन बाहेर आल्या. वाटीत काळवंडलेला सेल. "आत थोडं भाजलंय, पण भोक नाही पडलं. काही दिवस नळीने दूध द्यावं लागेल. भरून येईल."

मी बाकावर बसले. बाबा शेजारी बसले.

"सगळी नाणी देऊन टाकतो," ते म्हणाले.

कालपर्यंत हे ऐकायला माझे कान आसुसले होते.

"नाणी राहू द्या. कपाटात, कुलपात. काटा मात्र घरात नको."

"मग वजन?"

"वाण्याकडे जाऊन करा."

ते हसले. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

नवरा येऊन पोचल्यावर मी कपडे आणायला घरी गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीत माझ्याच चहाच्या कपात, पाण्याच्या तळाशी, वेशीचं नाणं होतं. माती सुटावी म्हणून बाबांनीच भिजत घातलेलं, आणि साफ विसरलेले. दोन बुरूज, मधे दरवाजा. कड कुरतडलेल्या बिस्किटासारखी.

कप सर्वांत वरच्या फळीवर ठेवला. मग रिमोट, घड्याळ, थर्मामीटर, ठमीचं गाणारं बदक, सगळ्यांची झाकणं नखाने ओढून पाहिली.

बदकाचं ढिलं होतं. बदक मी आणलेलं.