विनयाबरोबर पळालेली सायकल

मित्रांनो, मला जुनी म्हणा, माझी हरकत नाही. मोडकी मात्र म्हणू नका. मी एक काळी लेडीज सायकल आहे. पुढे वेताची टोपली, मागे कॅरिअर, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी. माझी घंटी अजून खणखणीत वाजते.

पुण्यात एका दुकानात माझे भाग जोडले गेले आणि माझ्या मालकीणबाई पद्मजाताई यांच्या वडिलांनी मला लेकीच्या कॉलेजसाठी विकत घेतलं. लग्न होऊन त्या दिल्लीला निघाल्या तेव्हा सासरच्यांनी विचारलं, "सायकल कशाला नेतेस?" त्या म्हणाल्या, "बसायला." मग गोणपाटात गुंडाळून मला मालडब्यातून दिल्लीला आणलं.

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमची वर्षं मजेत गेली. भाजीबाजार, रेशन, मुलाची शाळा, सगळीकडे आम्ही दोघी. शेजारच्या बायका आधी हसत, मग मला मागायला येत. पुढे ताईंचे यजमान वारले, क्वार्टर सोडावं लागलं. मुलगा शार्दूल गुडगावला एका कंपनीत होता. त्याने तिथे नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. तेव्हा गुडगाव नुकतं उगवत होतं. एका बाजूला काचेची ऑफिसं, दुसऱ्या बाजूला मोहरीची शेतं, मधे रुंद रस्ते आणि फुटपाथचा पत्ता नाही. सोसायटीत प्रत्येकाची नवी कार. मी पार्किंगच्या कोपऱ्यात, रंगाच्या रिकाम्या डब्यांमागे. चाकांतली हवा गेली, चेन गंजली. शार्दूल म्हणाला, "आई, देऊन टाकू या ना आता कुणाला तरी." ताईंनी मला कुणाला देऊ दिलं नाही.

मग एके दिवशी माझ्यासमोरचे डबे बाजूला झाले. समोर ताई आणि त्यांची सून विनया.

विनया दुसऱ्या एका कंपनीत संगणकाचं काम करायची. तिच्या कंपनीने शर्यत ठेवली होती. पुरुषांना दहा किलोमीटर, बायकांना आणि मुलांना तीन. विनयाने विचारलं, मला दहा का नाहीत? साहेब हसून म्हणाले, "विनयाजी, लेडीज के लिए तीन है ना।" तिने पिच्छा सोडला नाही तेव्हा म्हणाले, पळा, पण आठ वाजता रस्ता गाड्यांना खुला होईल. मागे राहिलात तर आमच्या जीपमध्ये बसायचं.

"आई, मी हो म्हणून आले," विनया म्हणाली. "शाळेनंतर कधी पळाले नाहीये. महिनाच आहे हातात. आणि एकटी कशी जाऊ? कुत्री आहेत, मोटारसायकलवाले आहेत."

ताईंनी माझ्या सीटवरची धूळ पदराने पुसली. "एकटी कशाला? मी आहे, ही आहे."

पहिला आठवडा माझ्यासाठी फार लाजिरवाणा होता. विनया इतकी हळू पळे की तिच्या बरोबरीने चालताना माझा तोल जाई. ताई सारखा पाय टेकत. विनया खांबापर्यंत पळे, कंबरेवर हात ठेवून उभी राही, पुन्हा पळे. फिरायला निघालेले शेजारी म्हणत, "आंटीजी, इस उम्र में साइकिल?" ताई घंटी वाजवून म्हणत, "हट जाइए, भाईसाहब, ब्रेक पुराने हैं।"

दुसऱ्या आठवड्यात ताईंचं पाय टेकणं थांबलं. विनया पळता पळता बोलू लागली. आणि तिसऱ्या आठवड्यात एका चढावर ती चक्क आमच्या पुढे गेली. "अगं, थांब!" ताई धापा टाकत ओरडल्या. विनया वळून हसली. मित्रांनो, माझ्या आयुष्यात माणसाने मला मागे टाकण्याची ती पहिली वेळ. मला राग यायला हवा होता. आला नाही.

त्याच आठवड्यात मोटारसायकलवरचे दोघे आरडाओरडा करत आमच्या अगदी अंगावर आले. ताईंनी विनयाला वाचवायला हँडल वळवलं आणि आम्ही बांधकामाच्या खडीत आपटलो. माझं मडगार्ड वाकलं. ताईंचं मनगट मोडलं.

प्लास्टर घालून घरी आल्यावर पार्किंगमध्येच शार्दूलचा पारा चढला. "बास झालं! विनया, तुझ्या हट्टापायी आईचा हात मोडला."

विनयाने मान खाली घातली. "नाही पळत मी," ती हळूच म्हणाली.

"शार्दूल," ताई म्हणाल्या, "हाड माझं मोडलंय. हट्टही माझाच आहे. ते दोघे रस्ता अडवतात आणि घरी आम्ही बसायचं? तुला एवढी काळजी आहे ना? मग उद्यापासून तू चालव."

"मी? लेडीज सायकल? आई, लोक बघतील!"

"बघू देत. मी मागे बसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडगावच्या त्या रुंद रस्त्यावर विनया पळत होती. शेजारी शार्दूल, गुडघे हँडलला आपटत, लाल तोंडाने मला हाकत होता. कॅरिअरवर प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेल्या ताई. दोघांचं वजन घेऊन माझा सांधा न् सांधा कुरकुरत होता. पण सांगते, मी एकदाही चेन पडू दिली नाही.

शर्यतीच्या दिवशी सायकलींना मज्जाव होता. आम्ही तिघं शर्यत संपते त्या चुन्याच्या रेघेजवळ दोरीमागे उभे. पुरुष येत गेले, टाळ्या झाल्या. आठ वाजले. पोलिसांनी अडथळे उचलले, ट्रक, बस, गाड्या धडाधड सुटल्या. विनयाचा पत्ता नव्हता.

"जीपमध्ये बसली असेल," शार्दूल म्हणाला.

"ती बसणार नाही. चल, तिला गाठू," ताई कॅरिअरवर बसत म्हणाल्या.

रस्ता सगळ्यांना खुला झाला होता. म्हणजे मलाही झाला होता! आता कोण अडवणार? बऱ्याच अंतरावर विनया दिसली. कडेकडेने, घामाने निथळत, पण पळत होती. शेजारून जीप सरकत होती. आतला माणूस झेंडा हलवत होता, "मॅडम, बैठ जाइए, रेस खतम।" तिच्यात बोलायचं त्राण नव्हतं. ती फक्त मान हलवून नाही म्हणत होती.

शार्दूलने मला वळवलं आणि तिच्या आणि गाड्यांच्या मधे घातलं. मागून हॉर्न वाजले. त्याने घंटी वाजवली. आणखी हॉर्न. आणखी घंटी. काही केल्या तो बाजूला झाला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा मांडव उतरत होता. चुन्याची रेघ अर्धी झाडून झाली होती. उरलेल्या अर्ध्या रेघेवरून विनया पलीकडे गेली. साहेब हातात समोशाची बशी घेऊन म्हणाले, "अरे विनयाजी, रेस तो कब की खतम हो गई।"

तिने श्वास घेतला. "सर, आपकी खतम हुई थी। मेरे दस अभी हुए हैं।"

तिला ना पदक मिळालं, ना टाळ्या. पुढच्या वर्षी पत्रकावर बायकांना पुन्हा तीनच किलोमीटर होते. विनया पुन्हा साहेबांकडे गेली. या वेळी तिच्या मागे ऑफिसातली रुचिता आणि आणखी काही जणी उभ्या होत्या. साहेबांना बायकांनाही दहा द्यावे लागले. त्या वर्षी विनयाला माझ्या पहाऱ्याची गरज पडली नाही.

आता सोसायटीच्या कमिटीची माझ्यावर नजर आहे. मला पांढरा रंग द्यायचा, टोपलीत नि कॅरिअरवर कुंड्या ठेवायच्या आणि गेटपाशी शोभेला उभं करायचं म्हणे. "बहुत सुंदर लगेगी," असं परवाच कुणी म्हणत होतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोपऱ्यात कुणीतरी असेल माझ्यासारखं. त्याला सजवू नका. चाकात हवा भरा, चेनला तेल घाला आणि रस्त्यावर काढा. पडेल, खरचटेल, पडू दे. आणि कमिटीलाही माझा एवढा निरोप सांगा, फुलं मलाही आवडतात. ती जमिनीत लावा.