चादरीखालची उत्तरं

गेवराईच्या बसस्टँडासमोर जमीलचा केळीचा गाडा होता, तेव्हा सगळे त्याला जादूगार म्हणायचे. केळी मोजता मोजता तो गिऱ्हाइकाच्या लेकराच्या कानामागून लिंबू काढायचा, मुठीतलं नाणं फुंकर मारून गायब करायचा. लेकरं हटून बसायची, आया हसायच्या, आणि एक डझनाच्या जागी दोन डझन घेऊन जायच्या.

मग बायपास झाला आणि लांबच्या गाड्या गावात शिरेनाशा झाल्या. स्टँडासमोर दुकानांचं बांधकाम निघालं, गाडेवाल्यांना उठवलं. जमीलनं काही महिने गल्लोगल्ली गाडा ढकलला, पण रोज अर्धा माल काळा पडायचा. शेवटी गाडा विकून टाकला आणि तो घरी बसला.

"लोक जादूगार म्हणायचे ना," एका दुपारी तो बायकोला म्हणाला, "मग तेच करतो आता."

फरीदा मशीनवर साडीला फॉल लावत होती. तिला आधी वाटलं, चेष्टा करतोय. त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि तिनं मशीन थांबवली.

"करा की," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

पहिल्यांदा तो गावच्याच आठवडी बाजारात उभा राहिला. भाजीवाल्यांच्या ओळीच्या टोकाला पोतं अंथरलं, वर तीन वाट्या आणि एक चेंडू मांडला. लोक थांबत होते, पण ओळखीनं. "जमीलभाई, केळी कुठाय?" विचारायचे आणि पुढं जायचे. त्यानं लिंबू काढून दाखवलं तर एक म्हातारी म्हणाली, "ते ठावं हाय रे. केळी दे."

पुढच्या आठवड्यात कॉलेजची पोरं आली. त्यांनी मोबाईलवर त्याच्या हातांचा व्हिडिओ काढला आणि तिथंच सावकाश चालवून बघितला. मग प्रत्येक वेळी ओरडायला लागली, "डाव्या हातात! डाव्या हातात हाय!" जमील हसत राहिला. वाट्या उचलताना त्याची बोटं मात्र जड झाली होती.

मांजरसुंब्याला म्हाळू नावाचा म्हातारा राहायचा. जन्मभर गावोगाव खेळ करत फिरलेला माणूस. आता गुडघे गेले होते, आणि मुलगा जेसीबी चालवत होता. जमील त्याला जाऊन भेटला.

"साप होता तवर पोट भरलं," म्हाळू म्हणाला. "साप कायद्यानं गेला. पोरगं घेऊन खेळ करावा, तर आता पोलीस धरतेत. तू कावून पडतो ह्या भानगडीत?"

"दुसरं काही येत न्हाई, बाबा."

म्हाळूनं बिडी विझवली. "ऐक मग. नुसत्या हाताच्या जादूला कुणी थांबत न्हाई. चादरीखाली माणूस पाहिजे. चादरीखाली काय हाय म्हणून लोक थांबतेत."

त्यानं त्याला जमुऱ्याचा खेळ शिकवला. चादरीखाली जमुरा झोपतो. जादूगार गर्दीतल्या कुणाची तरी वस्तू हातात घेतो आणि विचारतो, हे काय? जमुरा न बघता बरोबर सांगतो. सगळी करामत प्रश्नात असते. प्रश्न 'बोल'नं सुरू झाला की पैसे, 'सांग'नं झाला की मोबाईल, 'लवकर'नं झाला की किल्ली, अशी प्रत्येक वस्तूची वेगळी खूण. समोरच्याला 'मामा' म्हटलं की वस्तू काळी, 'दादा' म्हटलं की पांढरी, 'पाव्हणे' म्हटलं की लाल. निघताना म्हाळूनं त्याला आपली डुगडुगीही दिली.

घरी येऊन जमीलनं हे सांगितलं. जमुरा कुठून आणायचा? लेक अदिबा बीडला सासरी, दुसरं लेकरू नव्हतं.

"मी झोपते," फरीदा म्हणाली.

"रस्त्यावर?"

"बुरखा हाय, वरून चादर हाय. कोण वळखतंय मला? मांजरसुंब्याला आपलं कुणी न्हाई."

जमीलनं दोन दिवस ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढं बसली असताना त्यानं एकदम विचारलं, "सांग, ह्या मामांच्या हातात काय हाय?"

"काळा मोबाईल," ती मान न वळवता म्हणाली.

महिनाभर दोघं रोज रात्री सराव करत होती. कधी तोच चुकायचा आणि तीच त्याला सांगायची, "अजी, किल्लीला 'लवकर' हाय." या वयात आपण दोघं बसून काही पाठ करतोय, याचं तिला हसू यायचं. कितीतरी दिवसांनी घरात बोलणं वाढलं होतं.

मांजरसुंब्याच्या चौकात ढाब्यांपुढं बस थांबतात, लोक चहाला उतरतात. पहिल्या दिवशी तिथं खेळ जमला. जमीलनं डुगडुगी वाजवली, लोक गोल उभे राहिले. फरीदानं रुमाल ओळखला, किल्ली ओळखली, एका बाईच्या हातातली लाल पिशवी ओळखली, तशी गर्दीतून "आगं बाबो!" असा आवाज आला. एक माणूस वाकून म्हणाला, "ताई, माझ्या पोराला नोकरी कधी लागंल तेवढं सांगा." जमीलनं हात जोडले, "हा खेळ हाय पाव्हणे, खरं काही न्हाई ह्यात." पण चादरीखाली फरीदाच्या अंगावर काटा आला होता. घरी जाताना त्यांनी पावशेर जिलेबी घेतली.

पुढच्या वेळी ऊन फार होतं. डांबराची आग पोत्यातून पाठीला लागत होती, बुरख्याच्या आत घामाच्या धारा चालल्या होत्या. फरीदानं चादरीची कड बोटभर उचलून धरली होती. श्वासापुरती. त्या फटीतून तिला पाय दिसत होते: बूट, चपला, साडीच्या निऱ्या.

दोनच वस्तू ओळखून झाल्या असतील. तेवढ्यात एक तरणा आवाज जवळ आला.

"खाली बाई हाय का बे? आवाज बाईचा हाय."

"दादा, खेळ चालू द्या," जमील म्हणाला.

"तोंड तर दाखव! पैसे देतो की."

चादर ओढली गेली. फरीदानं दोन्ही मुठींनी ती घट्ट धरली. दोन-चार जण हसले. "नका दादा, घरचं माणूस हाय," जमीलचा आवाज तिनं असा कधीच ऐकला नव्हता. कुणी म्हातारा त्या पोरावर खेकसला, "सोड रे, लाज न्हाई का?" आणि चादर सुटली. तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. बूट वळले, चपला वळल्या, निऱ्या घाईनं गेल्या. कंडक्टरनं दार आपटलं आणि बस निघाली.

फरीदानं फटीतून पाहिलं. समोर फक्त जमीलच्या चपला होत्या. त्यापलीकडं सांडलेला चहा आणि एक कुत्रं.

ती उठणार, एवढ्यात डुगडुगी वाजली.

"हां मंडळी!" जमील मोठ्यानं म्हणाला. "आता बघा! सांग जमुरे, ह्या मामांच्या हातात काय हाय?"

तिला वाटलं, मागच्या बाजूला कुणी असेल. तिनं डोकं जरासं वळवलं. मागंही कुणी नव्हतं.

"सांग जमुरे!"

"काळा मोबाईल," फरीदा म्हणाली.

"शाब्बास! वाजवा टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. एकाच माणसाच्या.

"लवकर बोल, ह्या दादांनी खिशातून काय काढलं?"

"किल्ली. पांढरी किल्ली."

तो विचारत राहिला आणि ती सांगत राहिली. एकही उत्तर चुकलं नाही. त्याला वाटत होतं, तिला काही कळू नये. तिला वाटत होतं, आपल्याला कळलंय हे त्याला कळू नये. ती मोठ्यानं बोलत होती. शेवटी जमील म्हणाला, "खेळ संपला मंडळी, मेहरबानी," आणि तिच्या अंगावरची चादर काढली. तोवर त्यानं तोंड पुसून घेतलं होतं.

"बस लागली म्हणून गेले सगळे, आत्ताच," तो म्हणाला.

"हां," ती म्हणाली. "आवाज आला बसचा."

परतीच्या गाडीत तिनं विचारलं, "उद्या निघायचं ना?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "उद्या नको. ऊन लई हाय."

चार दिवसांनी अदिबाचा फोन आला. ती रडत होती. समोरच्या चहाच्या टपरीवरून कुणीतरी व्हिडिओ काढला होता. बीडमध्ये तो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होता, सासरीही पोचला होता. अब्बा मोकळ्या रस्त्यापुढं हात पसरून बोलतायत आणि चादरीखालून उत्तरं येतायत. व्हिडिओखाली लोकांनी टाकलेल्या हसऱ्या इमोजींची रांग.

"अम्मी, चादरीखाली तुमी होत्या का?"

फरीदानं मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"आवाज तुमचाच हाय. इथं सगळ्यांनी वळखला. हे म्हणतेत, सध्या माहेरी जायचं न्हाई. ईदला पण न्हाई."

अदिबानं व्हिडिओ पाठवला. जमीलनं तो मोबाईल हातात धरून शेवटपर्यंत बघितला. फरीदा दारात उभी राहून त्याच्या पाठीकडं बघत होती. व्हिडिओ संपला तरी तो हलला नाही.

"तुला दिसत होतं का खालून?" त्यानं विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "अंधार असतो चादरीखाली."

त्यानं मान हलवली. त्याला ते पटलं की नाही, हे तिला आजतागायत कळलेलं नाही.

दिवाळीनंतर कापसाचा हंगाम लागला आणि जमील जिनिंगवर हमालीला जाऊ लागला. कामावरची माणसं पहिले काही दिवस त्याला जमुरा म्हणत होती, मग तीही कंटाळली. तो संध्याकाळी भुवयांत कापूस घेऊन घरी यायचा आणि जेवून भिंतीकडं तोंड करून झोपायचा. रात्रभर खोकायचा. घरात बोलणं पुन्हा पहिल्यासारखं झालं, मीठ, पाणी, वीजबिल एवढंच. ईद आली, अदिबा आली नाही. फोनवर तिनं आवाज हळू ठेवला होता, मागं कुणीतरी असावं.

उन्हाळ्याच्या तोंडाला जिनिंग बंद झालं. जमील सकाळी उठून अंगणात बसून राहायचा. एका सकाळी फरीदा त्याला चहा द्यायला गेली, तेव्हा तो म्हणाला, "नारायणगडाला यात्रेत लोक लई येतेत म्हणे. लांबलांबचे. तिथं कुणी वळखणार न्हाई."

फरीदानं कप त्याच्यापुढं ठेवला. तिनं हो म्हटलं असतं तर तो उठला असता, आणि नाही म्हटलं असतं तर त्यानं तेही ऐकलं असतं.

"चहा घ्या," ती म्हणाली. "निवतोय."

तो चहा प्यायला. नंतर त्यानं तो विषय काढला नाही.